ओल्या रस्त्यावर लाल झालेले साहेब

साहेब, तुम्ही माझ्या सात वर्षांच्या मुलीला घाबरलात, आणि ते झाकण्यासाठी तुम्ही मला नोटीस पाठवलीत. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला तुम्हाला सवड झाली नाही तरी मुद्दा हुकायला नको.

तुमची नोटीस माझ्यासमोर आहे. तिच्यात तुम्ही म्हणता की मी, नारायण, खाणीच्या वजनकाट्यावरचा कारकून, ‘शबय’ नावाच्या संघटनेचा म्होरक्या असून शिगम्याच्या दिवसांत मी पाळी गावाच्या अलीकडे रस्ता अडवला. माझ्या माणसांनी सरकारी अधिकाऱ्याच्या अंगावर गुलाल टाकला, असंही म्हणता. आणि निरीक्षणाच्या वेळी रस्ता ओला आढळल्यामुळे धुळीची माझी तक्रार खोटी ठरते, सबब फाईल बंद करण्यात येत आहे. शेवटी पंधरा दिवसांत खुलासा मागितला आहे.

घ्या खुलासा. लांब आहे. मला तोकडं लिहिता येत नाही. मी चौथी पास. पुढचं मराठी मला दोडामार्गच्या एका दुकानदाराच्या पुड्यांनी शिकवलं. गूळ, हळद, सुकी मिरची ज्या कागदात यायची तो कागद मी उन्हात सरळ करून वाचायचो. त्या कागदांवर राजे असायचे, खून असायचे, लग्नं जुळता जुळता मोडायची, आणि नेमकं तिथे पान फाटलेलं असायचं. लहानपणी मला एकाही गोष्टीचा शेवट मिळाला नाही. तेव्हापासून अर्धवट सोडलेल्या गोष्टीचा मला राग आहे. तुमच्या खात्याचं आणि माझं बिनसतं ते इथेच.

आमचं घर रस्त्याला लागून. रस्ता म्हणजे लोखंडाच्या खाणीतून निघून नदीवरच्या बार्जकडे, मालवाहू होड्यांकडे, जाणारा. दिवसाला खनिजाचे किती टिपर ट्रक जातात ते मला विचारा, मीच वजन करून सोडतो. म्हणजे माझ्या दारात जी धूळ येते ती माझ्याच काट्यावरून येते. ही लाजेची गोष्ट आहे. ती मी आपणहून कबूल करतो, कारण नोटिशीत तुम्ही हा आरोप घालायला विसरलात.

गेल्या डिसेंबरात माझा धाकटा सिद्धेश, वय चार, खोकला आणि रुमालावर लाल आलं. माझी बायको चंद्रावती पेडण्याची, घाबरणाऱ्यांतली नव्हे. पण त्या दिवशी तिने रुमाल माझ्यापुढे धरला आणि तव्यावरची भाकरी तशीच टाकून पोराला उचललं. डिचोलीच्या डॉक्टरांनी रुमाल उजेडात धरला, बोटाने चोळला आणि म्हणाले, “रक्त नाही. माती आहे.”

आमचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तो लगेच बाहेर काढला. “पण छाती लहान आहे त्याची. धुळीत आणू नका. दारं-जनेलं बंद.”

“किती दिवस?”

“टिपर थांबेपर्यंत.”

“टिपर कधी थांबतील?”

“मी डॉक्टर आहे हो,” ते म्हणाले.

टिपर पावसात थांबतात. म्हणजे डिसेंबर ते जून. साहेब, तुम्ही कधी चार आणि सात वर्षांची दोन पोरं सहा महिने बंद घरात ठेवली आहेत? तुमच्या कचेरीत माणसं दहा ते पाच बंद असतात आणि तेवढ्यात काय काय होतं ते आम्ही बाहेरून पाहतोच. इथे तर चोवीस तास. माझी थोरली संजना सकाळची शाळा करून अकराला यायची, आणि तिच्या मागे दार लागलं की घराचा कारभार तिच्या हातात जायचा.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मांजर तांदळाच्या डब्यात घालून त्याला “पेडण्याक” पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात माझी इस्तिरी भाकरी भाजण्यासाठी वापरून पाहिली. भाकरी चांगली झाली, हे इथे नमूद करतो, मी कोणाचा हक्क मारत नाही. तिसऱ्या आठवड्यात चंद्रावती ताकाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून चालली होती, तर डब्यामागच्या कोपऱ्यात तिचा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला.

“ह्यां कितें?”

“खाण,” सिद्धेश म्हणाला. “आई, तू बाजूक रव. टिपर येतलो.”

आणि आला. सुतळी बांधलेली नारळाची करवंटी, तिच्यात सारवणाखालची लाल माती. अशा सहा करवंट्या. त्या कोपऱ्यातून निघून देवखोलीला वळसा घालून न्हाणीपर्यंत जायच्या. न्हाणीत पाण्यावर आमची पितळेची परात सोडलेली, ती बार्ज. मध्ये भाजीचा तराजू टांगून वजनकाटा केलेला. खोटं का बोलू, माझ्या काट्यापेक्षा तो बरोबर होता. आणि ह्या सगळ्यावर नजर ठेवून आदोळीवर, म्हणजे ज्या खोबरं किसायच्या पाटाला पुढे लोखंडी पातं असतं त्यावर, पातं लोकांकडे करून संजना बसलेली. ती साहेब.

चंद्रावतीने मला हाक मारली. “तुमच्या पोरांनी माझ्या घरांत खाण घातल्या. पळयात!”

मी खड्ड्याजवळ उभा राहिलो. रागावायचं होतं. पण इतकी नीट खणलेली खाण मी तीन कंपन्यांच्या नोकरीत पाहिली नव्हती. कडेला पायऱ्या काढल्या होत्या, माती घसरू नये म्हणून.

“परवाना घेतलाय का?” मी विचारलं. हा विनोद होता.

संजनाने आदोळीवरून हात लांब करून मला कागद दिला. शाळेच्या वहीचं पान. ‘खाण घालण्यास हरकत नाही.’ खाली लाल शिक्का, पाच पाकळ्यांच्या फुलाचा, कडा सुबक. कापलेली भेंडी कुंकवाच्या पाण्यात बुडवून उठवला होता. ह्या शिक्क्याकडे लक्ष ठेवा, साहेब. तो पुढे तुम्हाला भेटणार आहे.

आता शेजाऱ्यांकडे येतो, कारण आमच्या वाड्यावर एखाद्याचं पोर खोकलं की औषधाआधी शेजारी येतात. पार्वतीकाकी म्हणाली, मुलाला आजोळी पाठवा, पेडण्यात हवा बरी. चंद्रावती चुलीकडे बघत एवढंच बोलली, “धूळ हांगा रवतली, आनी भुरगो वतलो?” काकी त्यानंतर चिमूटभर मीठ मागून निघून गेली. मी मात्र तिथेच बसून राहिलो. तीन वर्षं मी तुमच्या खात्याला पानंच्या पानं लिहीत होतो, आणि माझ्या सगळ्या अर्जांचं सार, धूळ इथे राहणार आणि पोर घर सोडणार का, ह्या बाईने भाकरी उलटता उलटता सांगितलं होतं.

दुसरे सगुणबाब. पोर्तुगेजांच्या वेळी ते एका कचेरीत शिपाई होते आणि कागद कसा पुढे सरकतो हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही असं त्यांचं मत. “नारायणा, तुजो अर्ज चुकता खंय सांगू? तू खरें बरयता. अर्जात खरें बरोवप न्हय. अर्जात पांयां पडप.”

“खरं लिहिणं ही चूक असेल तर असो. मी पाया पडणार नाही.”

“मग धूळ खा,” ते म्हणाले आणि तपकीर ओढली.

मी पाया पडलो नाही. मी मागितलं काय होतं? रस्त्यावर दिवसातून दोनदा टँकरने पाणी मारावं, एवढंच. माझ्या पहिल्या अर्जाला उत्तर आलं की तो संबंधित खात्याकडे पाठवला आहे. संबंधित खात्याने कळवलं की संबंधित खातं ते नव्हे. पाचवा अर्ज फिरत फिरत जुलैत योग्य मेजावर पोचला आणि त्यावर शेरा आला, ‘पावसामुळे सध्या धूळ अस्तित्वात नाही.’ हा शेरा लिहिणाऱ्याला मी अजून शोधतो आहे. त्याच्याकडून मला मराठी शिकायचं आहे.

अकरावा अर्ज मी जानेवारीत लिहिला. जाड कागद आणला, शाई वाळायला मेजावर ठेवला आणि अंघोळीला गेलो. परत येऊन पाहतो तर अर्जावर तीन ठिकाणी लाल फुलं. माझ्या नावावर एक, ‘विनंती’ ह्या शब्दावर एक आणि समासात सरळ ओळीत एक.

“संजना!”

“बाबा, तुमच्या कागदार शिक्को नाशिल्लो,” ती म्हणाली. शिक्का राहिला होता, तो मारून तिने माझं काम केलं होतं आणि मी का ओरडतोय हे तिला कळत नव्हतं.

मी कागद फाडायला घेतला. चंद्रावतीने तो माझ्या हातातून काढला, घडी घातली आणि पाकिटात सारला. “तसोच धाडा. तुमच्या धा अर्जांक खंय शिक्को आशिल्लो? कितें जालां तेंचें?”

बाराव्या दिवशी तुमचं पत्र आलं. साहेब स्वतः निरीक्षणाला येणार, अठरा मार्च, सकाळी दहा वाजता.

हे कसं घडलं ते मला नंतर तुमच्याच कचेरीतल्या एका माणसाकडून कळलं. नाव सांगत नाही, त्यालाही पोरं आहेत. पहिल्या मेजाला वाटलं शिक्का दुसऱ्या मेजाचा. दुसऱ्याला वाटलं तो वरून आलाय. तिसरा जाणता होता. तो म्हणाला, आता गोव्याचं राज्य होणार म्हणतात, नवा शिक्का आला असेल, अडवून कशाला ठेवता. जो कागद तीन वर्षांत जिना चढला नव्हता तो चार दिवसांत तुमच्या मेजावर आला. तो तिथेच असेल. काढून नीट बघा. ती भेंडी आहे. आमच्याच परसातली.

अठरा मार्च म्हणजे होळीनंतरचा तिसरा दिवस. मी रजा टाकली, धुतलेलं शर्ट घातलं, अकरा अर्जांच्या प्रतींची फाईल काखेत धरली. आठवडाभर घर झाडायचं नाही असा हुकूम मी काढला होता. पुरावा कोणी झाडतं का? सगुणबाबांनी सल्ला दिला की साहेबांना चहाचा कप उघडा द्यावा आणि बोलण्यात गुंतवावं, म्हणजे चहात धूळ पडेल आणि अहवाल ते पिऊनच जातील. सगळी तयारी झाली. आणि साडेआठ वाजता वळणावरून पाण्याचा टँकर आला.

तीन वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो टँकर! मागे नळीतून पाणी फवारत, रस्ता कडेपर्यंत भिजवत, शंभू ड्रायव्हर गाणं म्हणत येत होता. मला एका क्षणात सगळं कळलं. दहा वाजता साहेब येणार, ओला रस्ता पाहणार, जाणार. उद्या टँकरही नाही आणि तक्रारही नाही. मी धावत रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभा राहिलो.

“शंभू, पाणी मारू नको रे! आजचो दिवस मारू नको!”

शंभूने ब्रेक दाबला. “नारायणराव, बरें आसा मरे? तीन वर्सां तुमीच पाणी मागताय न्हय?”

“मागत होतो. आज नको!”

“वयल्यान निरोप आयलो. सायब येवच्या आदी रस्तो भिजव म्हणून.” त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं, मला वळसा घातला आणि फवारा चालू ठेवला. माझं शर्ट गुडघ्यापासून खाली नव्हतं म्हणून वाचलं, पँट गेली. सोप्यावर बसून सगुणबाब हे सगळं पाहत होते. ते पार्वतीकाकीला म्हणाले, “हाच न्हय गो पाणी मागतालो?” काकीने बोट डोक्याजवळ नेऊन फिरवलं. ही दोघं पुढे साक्षीदार म्हणून माझ्या उपयोगाची होती, त्यामुळे मी गिळलं.

मी ओल्या पँटने सोप्यावर बसून राहिलो. चंद्रावतीने मात्र रस्ता पाहिला, हवा पाहिली, आणि दार उघडलं.

“रस्तो वलो आसा. भायर वचात रे.”

साहेब, त्या वेळी तुम्ही तिथे नव्हता. असायला हवं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा सिद्धेश उंबऱ्याबाहेर आला. आधी एक पाय काढला, मग आत घेतला, मग दोन्ही काढले, आणि मग तो रस्त्याकडेने नुसता धावत सुटला, कुठे जायचं नव्हतं तरी. परत आला, खोकला नाही. पुन्हा धावला. चंद्रावती दाराच्या चौकटीला हात लावून बघत होती. मला फक्त एवढं हवं होतं. अकरा अर्जांत मी हे नीट लिहू शकलो नाही.

आणि मग शिगम्याचे दिवस आणि शाळेला सुट्टी असल्याने पोरांनी जे करायचं ते केलं. संजनाने आईची कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली, एक टोक फणसाला बांधलं, दुसरं सिद्धेशच्या हातात दिलं, आजूबाजूची आठदहा पोरं गोळा झाली, आणि रस्ता अडला. शबय! आमच्याकडे शिगम्यात पोरं अशी दोरी धरून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतात. हातात काहीतरी ठेवायचं, गूळ, पैसा, मूठभर चणे, काहीही. की दोरी खाली पडते, पोरं ओरडतात, माणूस पुढे जातो. सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, आला, त्याने टोपलीतला एक पाव काढून दिला आणि सुटला. एका टिपरवाल्याने उसाचं कांडं दिलं. हे आमच्या आज्यापणज्यांपासून चाललं आहे. कोणी मेलेलं नाही.

दहाला पाच कमी असताना तुमची पांढरी जीप आली. पोरांनी दोरी ताणली. “शबय! शबय!”

तुम्ही काचा वर केल्यात.

मी तुम्हाला समजून घ्यायला तयार आहे. डिसेंबरात भाषेच्या भांडणात गोव्याच्या रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती. तेव्हापासून रस्त्यात आडवं काही दिसलं की साहेब लोकांचा हात आपोआप काचेकडे जात असेल. पण साहेब, हे झाड नव्हतं. ही दोरी होती, आणि तिच्यावर सिद्धेशची चड्डी अजून वाळत होती.

मी फाईल उंच धरून जीपकडे निघालो. तुम्ही दुसऱ्या बाजूचीही काच वर केलीत. मला पत्रकं वाटणारा पुढारी समजलात! मी काचेवर टकटक केलं, अकरावा अर्ज काचेला लावून धरला. तुम्ही समोर बघत राहिलात. माझ्या लिखाणाचा असा अपमान कोणी केला नव्हता. पुड्या बांधणाऱ्यानेसुद्धा निदान उलटून पाहिलं असतं.

तुमचा ड्रायव्हर इकडचाच. तो म्हणाला, मला काचेतून ऐकू आलं, “सायबा, कितें तरी हातार दवरलें की सोडटात.” तुम्ही म्हणालात, “आंदोलकांना मी काही देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.” मग तुम्ही काच दोन बोटं खाली केलीत आणि माझ्या मुलीची चौकशी सुरू केलीत.

“ही दोरी मराठीवाल्यांची की कोंकणीवाल्यांची?”

संजनाने दोरीकडे पाहिलं. “आयची.”

“तुमचा पुढारी कोण?”

“हांव.” तिने स्वतःकडे बोट केलं.

“मागणी काय?”

“शबय.”

तुम्ही ते डायरीत लिहिलंत. मी पाहिलं. खाली दोन रेघा ओढल्यात.

मग तुम्ही त्याच परतणाऱ्या पोदेराला हाक मारून पोलीस आणायला पाठवलंत, काच बंद केलीत आणि बसलात. जीपमागे टिपर येऊन लागू लागले. पाच, दहा, वीस. ड्रायव्हर खाली उतरले, बिड्या पेटवल्या, संजनाला विचारू लागले, “सायबान कितें दिलें?” ती म्हणायची, “अजून चिंतता.” अर्धा तास गेला. सिद्धेशचे हात दुखले तेव्हा त्याने दोरी दातात धरली, पण सोडली नाही. तेवढ्यात चंद्रावतीने मला कोपराने ढोसलं.

“ती फायल खाला दवरा. रस्तो पळयात.”

मी पाहिलं. मार्चचं ऊन. रस्त्याच्या कडा गुलाबी पडायला लागल्या होत्या. मग मधला पट्टा. शंभूने मारलेलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं, आणि ते पाहायला नेमलेला माणूस काचा लावून रस्त्याच्या मधोमध बसला होता! चंद्रावतीने हाक मारली असती तर पोरं दोरी टाकून आली असती. तिने हाक मारली नाही. ती आत गेली आणि दोरीवाल्या सगळ्या पोरांना गुळाचं पाणी घेऊन आली. अशा बाईशी माझं लग्न झालं आहे आणि मी अर्ज लिहीत बसलो होतो.

सव्वा तासाने रघुनाथ हवालदार सायकलवरून आले. पेडण्याचे, चंद्रावतीच्या ओळखीचे. त्यांनी दोरी पाहिली, पोरं पाहिली, जीप पाहिली. तुम्ही खाली उतरलात, रस्त्यावर उभे राहून मोठ्याने सांगू लागलात, “नावं लिहून घ्या! सगळ्यांची!” हवालदारांनी खिशात हात घातला. आम्हाला वाटलं पेन्सिल काढतात. त्यांनी पेपरमिंटची गोळी काढली आणि संजनाच्या हातावर ठेवली.

“शबय!” पोरं ओरडली. दोरी पडली.

दोरी पडायच्या आत चंद्रावतीने सिद्धेशला काखोटीला मारलं होतं, संजनाच्या दंडाला धरलं होतं आणि बाकीची पोरं समोर हाकत दार लावलं होतं. तिला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं. बार्जची भरती चुकत होती, साहेब, आणि तुमच्या मागे बत्तीस टिपर होते. मी मोजले, मला सवय आहे. बत्तीसही एकदम सुटले.

मी सोप्याच्या खांबाला मिठी मारून डोळे मिटले. उघडले तेव्हा रस्ता नव्हता, जीप नव्हती, फणस नव्हता. नुसतं लाल. त्यातून हळूहळू तुम्ही दिसायला लागलात. पांढरे कपडे घालून आलेला माणूस पायापासून टोपीपर्यंत लाल, आणि खोकत. तसाच कोरडा खोकला, साहेब. मी ओळखतो तो.

मी हसलो नाही. सगुणबाब हसले, ते म्हातारे आहेत. चंद्रावतीने दार किलकिलं करून तांब्या आणला, धुतलेला पांढरा पंचा आणला. तुम्ही तोंड धुतलंत, पंच्याने पुसलंत. तेव्हा जनेलाच्या फटीतून सिद्धेशचा आवाज आला, फार काळजीचा.

“सायबा, जनेलां धांपून घरा बस. दोतोरान सांगलां.”

तुम्ही त्या फटीकडे बराच वेळ पाहिलंत. पंचा सोप्यावर ठेवून गेलात. मी त्या दिवशी बायकोला म्हणालो, झालं आपलं काम, ह्या माणसाला आता सांगायला नको. मी तुमच्याबद्दल चांगलं बोललो, ह्याची मला आज लाज वाटते.

टँकर पुन्हा आला नाही. पोरं पुन्हा आत गेली. स्वयंपाकघरातली खाण पाण्याला लागली तेव्हा संजनाने स्वतः ती बंद केली, खड्डा बुजवला, वर सारवलं आणि त्यात अळू लावलं. कोणत्याही कंपनीने हे करून दाखवावं.

जूनमध्ये नोटीस आली. मधल्या काळात गोव्याचं राज्य झालं. कागद जुना, वर शिक्का नवा. मी सगळ्यांना बसवून ती मोठ्याने वाचली. ‘निरीक्षणाच्या वेळी रस्ता ओला आढळला.’ सगुणबाब म्हणाले, पाया पडला असतास तर. संजना आदोळीवर बसली होती. तिने पुन्हा वाचा म्हणून सांगितलं. मी वाचलं. ती विचार करून म्हणाली,

“बाबा, रस्तो वलो आशिल्लो, तर सायब तांबडो कसो जालो?”

साहेब, मी तीन वर्षांत अकरा अर्ज लिहिले. त्यांत एवढं चांगलं वाक्य एक नाही.

तुम्ही म्हणाल गुलाल. नोटिशीत तेच म्हटलं आहे. म्हणून सोबत तो पंचा पाठवतो. चंद्रावतीने तो दगडावर सात वेळा धुतला आहे, साबण लावून, रिठे लावून, उन्हात टाकून. गुलाल एका धुण्यात जातो, हे गोव्यातल्या कोणत्याही बाईला विचारा. खाणीची माती जात नाही. तुमच्या कपाळाचा, दोन गालांचा आणि नाकाचा ठसा त्यावर अजून आहे. हवा असल्यास आठव्यांदा तुम्ही धुवून पाहा. पंचा परत पाठवावा, घरचा आहे.

आज पाऊस आहे, टिपर बंद आहेत आणि सिद्धेश सोप्यावर बसून पागोळीखाली करवंटी धरतो आहे. खोकला नाही. दसरा झाला की टिपर सुटतील आणि दार लागेल. तुमच्या शेऱ्याप्रमाणे सध्या धूळ अस्तित्वात नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच आत्ता विचारतो, धूळ नसताना, डोळे स्वच्छ असताना.

‘शबय’ संघटनेच्या अध्यक्षांनी खाली शिक्का उठवला आहे. भेंडी ताजी आहे. प्रश्न त्यांचा आहे, माझा नाही, आणि त्या पाया पडून विचारत नाहीत. तुम्ही मला पंधरा दिवस दिलेत, आम्ही तुम्हाला दसऱ्यापर्यंत देतो. रस्ता ओला होता, तर साहेब लाल कसे झाले? उत्तर द्या.